झाकण नसलेलं मशीन

दसरा जवळ आला की आमच्या कोकणात बायकांच्या नजरेला दोन गोष्टी हमखास पडतात. खिडक्यांच्या ग्रिलवर, गेटवर, जिन्याच्या कठड्यावर चार महिन्यांच्या पावसाने आणि खाऱ्या हवेने चढवलेला गंज, ही एक. आणि हार्डवेअरच्या दुकानांवर लागलेले सूट-सवलतीचे फलक, ही दुसरी. या दोन्हींची गाठ पडली की घरात एक ग्राइंडर येतो. आपला इडली-डोशाचा नव्हे. लोखंड घासायचा, गंज काढायचा, रंग खरवडायचा हाती धरायचा चार इंची अँगल ग्राइंडर.

यात वाईट काहीच नाही. उलट मी तर म्हणेन, बायकांनी हे मशीन जरूर शिकावं. आजवर ग्रिल घासायचं काम कोणी केलं? पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन, स्टुलावर उभं राहून, बोटांची सालटी काढून आपणच केलं ना? रंगारी येऊन दोन हात मारून जातो, पण त्याच्या आधीचं घासणं बहुतेक घरात बाईच्याच वाट्याला. मग तेच काम मशीनने तासाभरात होत असेल तर का नको?

माझी तक्रार मशीनबद्दल नाही. ते ज्या पद्धतीने विकलं जातं आणि ज्या पद्धतीने आपण ते घेतो, त्याबद्दल आहे.

आमच्या बचत गटातल्या चौघींनी ग्रिल, गेट, लोखंडी कपाटं घासून रंगवून द्यायची कामं घ्यायचं ठरवलं, तेव्हा मशीन घ्यायला मीही त्यांच्याबरोबर गेले. पहिल्या दुकानात काउंटरवरच्या भाऊंनी आधी आमच्या मागे कोणी पुरुष आहे का ते पाहिलं. मग म्हणाले, "वहिनी, साहेबांना पाठवून द्या, त्यांना दाखवतो." आमच्यातली एक ठसक्यात म्हणाली, "साहेब पोळ्या लाटतायत, आम्हालाच दाखवा." मग मशीन निघालं. खोक्यावर छापील किंमत भली मोठी, त्यावर पंचावन्न टक्के सूट. खोकं उघडलं तर आत मशीन, वायर, एक पाना. चाकावरचं अर्धगोल लोखंडी झाकण, ज्याला गार्ड म्हणतात, ते नाही. बाजूला लावायची मूठही नाही.

"गार्ड कुठाय हो?"

"गार्ड कोणी लावत नाही वहिनी. वेल्डिंगवाले सगळे पहिल्या दिवशी काढूनच टाकतात."

हे मात्र ते खोटं बोलले नाहीत. गावातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जाऊन बघा, निम्म्या मशीनना गार्ड नसतो. कधी मोठं चाक बसावं म्हणून काढतात, कधी कोपऱ्यात हात जात नाही म्हणून. त्या मुलांच्या हाता-तोंडावरचे व्रणही बघा मग.

मला सांगा, झाकण नसलेला मिक्सर निम्म्या किमतीत मिळतोय म्हणून आपण घरी आणू का? चटणी भिंतीवर उडेल एवढ्यावरूनच नाही म्हणू. इथे तर उडणारी गोष्ट चटणी नाही. चार इंची ग्राइंडरचं चाक मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतं. हिशेब केला तर चाकाच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जातो. त्या वेगाने फिरणाऱ्या चाकाचा टवका उडाला किंवा वायर ब्रशची एखादी तार सुटली, तर ती कुठे जाईल हे गार्ड ठरवतो. गार्ड नसेल तर नशीब ठरवतं. आणि मूठ नसेल तर ते मशीन एका हाताने धरायची सवय लागते. चाक कुठे अडकलं की झटका बसून मशीन उलटं अंगावर येतं, एका हाताला ते आवरत नाही.

म्हणून पंचावन्न टक्के हा आकडा मला मोठा वाटत नाही. एक तर या धंद्यात खोक्यावरची किंमत मुळात फुगवलेली असते, त्या किमतीला ते मशीन वर्षभर कोणीच घेत नसतं. सूट मोजायची ती शेजारच्या दुकानातल्या भावाशी ताडून. आणि दुसरं, किमतीबरोबर खोक्यातून काय काय कमी झालंय ते बघून. आम्ही तिसऱ्या दुकानात जे मशीन घेतलं, ते नावाजलेल्या कंपनीचं जुनं मॉडेल होतं. सूट बाराच टक्के. पण गार्ड, मूठ, पाना, जीएसटी नंबरचं पक्कं बिल आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का. पहिल्या दुकानापेक्षा नऊशे रुपये जास्त गेले. त्यावरून गटात थोडी कुरकुर झाली, नाही असं नाही.

पक्कं बिल मागायला आपल्याला उगीच संकोच वाटतो. "बिल घेतलंत तर टॅक्स लागेल वहिनी," असं म्हटलं की आपण गप्प. पण मशीन महिन्याभरात जळलं तर हातात काय राहतं? बिल असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, ग्राहक आयोगात जाता येतं. कागदच नसेल तर आपली बाजू मांडायची कशाच्या जोरावर?

अजून एक विचारायचं: याचे कार्बन ब्रश इथे मिळतात का? आपल्या मिक्सरमध्येही असतात तेच, मोटरच्या आतले काळे छोटे ठोकळे. वापरून वापरून ते झिजतात आणि बदलावे लागतात. किरकोळ किमतीची वस्तू, पण त्या कंपनीची गावात मिळत नसेल तर स्वस्तातलं मशीन कायमचं माळ्यावर जातं.

चाकांचं वेगळंच. मशीनवर दोन-तीन डिस्क फुकट मिळाल्या की आपण खूश. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख आपण डोळ्यांजवळ नेऊन वाचतो ना, तशीच ही डिस्कही वाचायची असते. अनेक चांगल्या कंपन्यांच्या कापायच्या आणि घासायच्या डिस्कला मध्यभागी जे धातूचं कडं असतं, त्यावर मुदतीचं महिना-वर्ष छापलेलं असतं. आतला रेझिनचा चिकटा जुना होऊन आणि दमट हवेने कमजोर होतो, आणि आमच्याकडे दमट हवेला तोटा नाही. फुकट मिळालेली डिस्क मुदत संपलेली निघाली तर ती सूट नव्हे, दुकानदाराची अडगळ आपल्या घरी आली. शिवाय डिस्कवर फेऱ्यांचा आकडा असतो, तो मशीनच्या आकड्यापेक्षा जास्तच हवा. गंज काढायला वायरचा कप ब्रश, नंतर गुळगुळीत करायला फ्लॅप डिस्क. कापायची पातळ डिस्क आडवी धरून घासायचं नाही, ती तुटते. आणि जाड दगडी चाक कपाटाच्या पत्र्यावर लावू नका, पत्रा तापून वाकडा होतो.

लाइटचा मुद्दा मला सगळ्यात आपल्याकडचा वाटतो. स्वस्तातल्या मशीनचं बटण पुढे सरकवलं की तिथेच अडकून राहतं. काम चालू असताना लाइट गेली, आपण मशीन जमिनीवर ठेवलं आणि चहाला गेलो. अर्ध्या तासाने लाइट आली की ते मशीन आपोआप सुरू होऊन अंगणात नाचायला लागतं. शेजारी लहान मूल खेळत असेल तर? काही मशीनमध्ये लाइट आल्यावर आपोआप चालू न होण्याची सोय असते, ती असेल तर दोन पैसे जास्त द्यावेत. नसेल तर लाइट गेल्या क्षणी बटण मागे आणि पिन बाहेर, ही सवय लावायचीच.

पदर, ओढणी, मोकळा शेपटा, बांगड्या, लांब मंगळसूत्र यांतलं काहीही या मशीनजवळ चालत नाही. आमच्या गटातल्या बायका घरच्यांचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतात, केसांचा अंबाडा घालून वर रुमाल बांधतात. डोळ्यांना साधा चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल लागतो. आणि डोळ्यात कण गेलाच तर रुमालाच्या टोकाने काढणारी आजीबाई नको, थेट डोळ्यांचा डॉक्टर.

इथपर्यंतचं सगळं एखादा जाणता दुकानदारही सांगेल. पुढचं मात्र तो सांगत नाही, आणि माझ्या मते घरातल्या बाईने कळवळून विचार करावा असं तेच आहे. ते म्हणजे जुन्या रंगाची धूळ.

आपल्या देशात घरगुती रंगांमधल्या शिशाच्या प्रमाणावर सक्तीची मर्यादा आणणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. दहा लाख भागांत शिशाचे ९० भाग, त्याहून जास्त नाही. त्याआधीच्या बऱ्याच ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी, लाल, हिरव्या रंगांत, शिसं भरपूर असायचं. (पेन्सिलीचं शिसं नव्हे हं, ते ग्राफाइट. हे शिसं म्हणजे धातू.) लोखंडाला गंज धरू नये म्हणून पूर्वी जो लाल अस्तराचा हात देत, त्यातही काही ठिकाणी शेंदूरच असायचा. शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड. आज मिळणारा रेड ऑक्साइड प्रायमर वेगळा, तो लोखंडाच्या ऑक्साइडचा, पण वीस-तीस वर्षांपूर्वीच्या ग्रिलखाली काय दडलंय हे वरून दिसत नाही.

असा रंग ग्रिलवर घट्ट बसलेला असतो तोवर त्रास देत नाही. त्यावर मशीन फिरवलं की त्याची मैद्यासारखी धूळ होते. ती खिडकीच्या कट्ट्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, जमिनीवर बसते. रांगणारं मूल त्या जमिनीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूची वाढ, शिकण्याची ताकद, रक्त या सगळ्यांवर ते परिणाम करतं, गरोदर बाईच्या रक्तातून गर्भापर्यंत पोचतं. आणि यातलं लगेच काही दिसत नाही. मूल शाळेत मागे पडलं तर आपण त्याला अभ्यासावरून बोलतो, खिडकीच्या ग्रिलचा विचार कोणाच्या मनात येणार?

म्हणून माझं मत असं, की जुना रंग असलेल्या घराच्या ग्रिलवर हे मशीन चालवूच नये, मग ते कितीही सुटीत मिळालेलं असो. घट्ट बसलेला रंग तसाच ठेवून वरून नवा हात द्यावा. जिथे पोपडे सुटलेत तेवढंच पाणी मारून, वॉटर पेपरने ओलं ठेवून हाताने घासावं. (पाणी फक्त हाताने घासताना. विजेच्या मशीनजवळ नाही.) खाली प्लास्टिक पसरायचं, काम झाल्यावर ते गुंडाळून टाकायचं. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. नाकातोंडाला ओढणी बांधून उपयोग नाही, एन-९५ मास्क लावावा. मुलं आणि घरात कोणी गरोदर असेल तर ती तेवढे दिवस दुसरीकडे. मशीन आहे ते रंग न दिलेल्या गंजक्या गेटसाठी, कुंड्यांच्या स्टँडसाठी, शेतीच्या अवजारांसाठी, नव्या वेल्डिंगचे सांधे साफ करण्यासाठी. तिथे ते सोन्यासारखं काम करतं. (तांब्या-पितळेच्या भांड्यांवर फिरवून बघायचा मोह एकीला झाला होता. नको. तिथे चिंचच बरी, आणि कल्हईची भांडी असतील तर आतली कल्हईच निघून जाईल.)

आणि वर्षाला एकच गेट घासायचं असेल तर मशीन घेऊच नका. गेट उतरवून वेल्डिंगवाल्या दादांकडे न्या. आठवडाभराच्या सुटीच्या जाहिरातीने गरज निर्माण होते, असं मला बऱ्याच वस्तूंबाबत वाटत आलंय, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

गटातल्या बायकांनी मात्र गरजेपोटीच मशीन घेतलं, आणि ते चांगलं चाललंय. दसऱ्याला शिलाई मशीनशेजारी त्यालाही हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल गार्डवर वाहिलं. कामाला जाताना आता त्या पहिला प्रश्न विचारतात, रंग किती जुना आहे आणि घरात लहान कोण आहे? गेल्या महिन्यात एका जुन्या घरातल्या काकूंनी आग्रह धरला, "मशीन आहे ना तुमच्याकडे, मग हाताने कशाला? एका दिवसात उरका की." त्यांच्याकडे दीड वर्षाची नात होती. बायकांनी मशीन पिशवीतून काढलंच नाही. वॉटर पेपरने तीन दिवस लागले, आणि मजुरीही तीन दिवसांचीच घेतली.