साखरेचे शिल्प

वाढदिवसाला केक कापण्याची चाल आता आपल्या घरांत चांगलीच रुळली आहे. परंतु केक बिनअंड्याचा केला, तरी वरच्या नक्षीमुळे घरातील आजी पुष्कळदा हात मागे घेते. ‘रॉयल आयसिंग’ हा नक्षीचा लेप मूळच्या रीतीप्रमाणे पिठीसाखर अंड्याच्या पांढऱ्या बलकात घोटून करतात. तो बलकच वाळून साखरेच्या बारीक धाग्यांना बळकटी देतो. तो वगळावा, तर नक्षी टिकावी कशी?

पुण्याच्या प्राची धबल देब यांनी अर्थविश्लेषकाचे काम सोडून ही कला पत्करली. ब्रिटिश राजघराण्यासाठी केक सजविणारे एडी स्पेन्स यांच्याकडे त्या इंग्लंडमध्ये शिकल्या. मात्र गुरूची कृती जशीच्या तशी आणून येथे भागणारे नव्हते. म्हणून त्यांनी अंड्यावाचून टणक होणारा लेप सिद्ध केला. २०२२ साली त्याच लेपातून त्यांनी मिलान येथील भव्य कॅथेड्रलची १०० किलो वजनाची प्रतिकृती उभारली. लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सने तिची नोंद घेतली.

परकी कला आपलीशी करणे म्हणजे तिची नुसती नक्कल करणे नव्हे. खाणाऱ्याचा आचार जाणून जो कारागीर साहित्यच बदलतो, त्याच्या केकचा तुकडा आजीलाही निःशंक मनाने घेता येतो.