मिठूला द्यायचं कुठं, साहेब?

प्रति,
मा. मुख्य वनसंरक्षक (प्रादेशिक),
यवतमाळ



टिपेश्वरचे वाघ शिवारात येतात, रानडुकरं पऱ्हाटीत शिरतात. अशा व्यापात कुणी पोपटाबद्दल लिहावं, ही थट्टाच वाटेल. पण यवतमाळ, पुसद, पांढरकवडा या तिन्ही वनविभागांत गल्लोगल्ली पिंजरे टांगलेले आहेत, हे आपल्या कर्मचाऱ्यांनाही ठाऊक आहे.

मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे, ज्यांना आता पोपट ठेवणं जमत नाही. हा पक्षी पिंजऱ्यात वीस-पंचवीस वर्षं सहज काढतो. ज्या पोरीच्या हट्टापायी तो आणला, ती लग्न होऊन नाहीतर नोकरीसाठी पुण्याला जाते. मागे उरतात गुडघे धरलेली आजी आणि मिठू. ओळखीच्या एका घरातला असा पोपट मी पाहिला. छातीवरची पिसं त्यानं स्वतःच उपटलेली, खाली गुलाबी कातडी दिसते. मान डावीकडे, मान उजवीकडे, तासन् तास तेच. दार उघडलं तर तो चोचीनं दाराला लटकून वर चढतो, इकडंतिकडं पाहतो आणि पुन्हा आत जाऊन बसतो.

या आजीनं करायचं काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्याला दिला तरी गुन्हा, विकला तर आहेच. त्याच दुरुस्तीत स्वेच्छेनं प्राणी शासनाकडे जमा करण्यासाठी ‘४२-अ’ हे कलम आलं, पण ते मालकीचं प्रमाणपत्र असलेल्यांसाठी. मिठूचं प्रमाणपत्र कुणाकडे असणार? नागपुरात सेमिनरी हिल्सवर आपल्या खात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, चांगलं आहे. पण आजीनं पिंजरा मांडीवर घेऊन एसटीनं दीडशे किलोमीटर जायचं आणि वाटेत कुणी विचारलं तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मग लोक सोपं ते करतात. सणासुदीचा दिवस पाहून गच्चीवर जातात आणि दार उघडून ‘जा बाबा, मोकळा हो’ म्हणतात. पुण्य केल्याचं समाधान मिळतं. पक्षी समोरच्या टिनावर जेमतेम पोचतो. पंखांत बळ नाही, चारा शोधणं कधी थव्यात शिकलेला नाही, माणसाची आणि मांजराची भीती नाही. कावळे पाठ धरतात. राहिलेलं काम मांजर, शिक्रा किंवा आपलं मे महिन्यातलं ऊन करतं. चुकून थव्यात मिसळलाच, तर पिंजऱ्यातला रोग रानातल्या पोपटांना देऊ शकतो.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं राजुऱ्याचं प्रकरण आठवत असेल. २०१५ मध्ये एका वृद्धेला शिव्या देतो म्हणून पोपटाला चक्क ठाण्यात बोलावलं. तिथं त्यानं चोचच उघडली नाही. शेवटी पोलिसांनी तो वनखात्याच्या हवाली केला. देशभर हसू झालं. पण वनखात्यापर्यंत पोचायला आमच्या मिठूलाही आधी शिव्या शिकाव्या लागतील काय?

विदेशी पक्ष्यांच्या बाबतीत सरकारनं वाट काढली होती. २०२० साली केंद्रानं सांगितलं की सहा महिन्यांत स्वतःहून माहिती द्या, कागद मागणार नाही. २०२४ च्या नियमांनी त्यांतल्या अनेक जातींची नोंदणी आणि हस्तांतरण ‘परिवेश’ पोर्टलवर आणलं. म्हणजे बंगल्यातल्या मकावला दुसरं घर मिळू शकतं, चाळीतल्या मिठूला नाही.

म्हणून मागणी अशी. ठरावीक मुदतीपर्यंत जो स्वतः पोपट आणून देईल त्याच्यावर गुन्हा नोंदवणार नाही, असं जाहीर प्रकटन काढा. आपल्या अधिकारात बसत नसेल तर नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे प्रस्ताव पाठवा. पक्षी घ्यायला कार्यालयाचा एक दिवस ठरवा, त्या दिवशी पशुवैद्यकाला बसवा. आणि जमा झालेले पक्षी लगेच टिपेश्वरात नेऊन फोटोपुरते उडवू नका. आधी वेगळे ठेवून तपासा, मोठ्या जाळीघरात उडायला लावा. उडतील ते थव्याजवळ सोडा, लुळे-म्हातारे ठेवून घ्या. खर्च होईल, पण या कामाला गावातली पक्षिमित्र मंडळी हातभार लावतील.

सूट दिली तर लोक नवे पोपट आणतील, असं आपले अधिकारी म्हणतील. शंका रास्त आहे. तिला उत्तर एकच: मुदत संपली की कुणालाही सोडू नका आणि सुरुवात विकणाऱ्यापासून करा. फेब्रुवारी ते एप्रिल ढोलीतली पिल्लं काढली जातात, तेव्हाच नाकी बसवा. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९० च्या सुमारास बंद झाला, तरी पिंजरे भरतातच.

यंदाचा पिल्लांचा हंगाम सुरू होण्याआधी हे प्रकटन निघावं. आणि हे पत्र वाचणाऱ्या, घरात पोपट असलेल्यांना विनंती: तोवर गच्चीवर नेऊन दार उघडू नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आपला,
यवतमाळचा एक रहिवासी