लाज, कायदा आणि प्लॅस्टिक

बाजारात लहान मुलासाठी बाहुली घ्यावयास गेले, तर तिच्यावर आय.एस.आय.चा शिक्का आहे की नाही हे विचारण्याचा हक्क आज आपणास आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांची खेळणी ह्या शिक्क्याशिवाय विकता येत नाहीत. रंगात शिसे किती, प्लॅस्टिकमध्ये कोणती द्रव्ये, कडा धारदार तर नाहीत ना, हे सारे तपासले जाते. परंतु प्रौढ माणसांसाठी जी खेळणी विकली जातात, ज्यांना सेक्स टॉय म्हणतात आणि ज्यांचा स्पर्श शरीराच्या अत्यंत नाजूक अंतस्त्वचेला होतो, त्यांच्यावर असा कोणताही सक्तीचा शिक्का नाही. हे असे का? आणि ह्याचे परिणाम कोणी भोगावयाचे? ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

महाविद्यालयाच्या अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मराठीत आपण लाज म्हणतो, ह्याच अंकाच्या कन्नड विभागातील आपले मित्र नाचिके म्हणतात. शब्द दोन, परंतु मान खाली घालण्याची रीत एकच. ह्या वस्तू वापराव्यात की वापरू नयेत, हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न आहे व त्यात उपदेश करण्याची प्रस्तुत लेखकाची इच्छा नाही. परंतु त्या विकल्या जात आहेत, ही गोष्ट खरी आहे. मोबाइलवर मागवल्या की 'मसाजर' ह्या नावाने, कसलेही चित्र नसलेल्या साध्या खोक्यातून त्या घरपोच येतात. घेणाऱ्यांत आपल्याच वयाची मुले-मुली असतात आणि बहुतेकांची ती पहिलीच खरेदी असते. अनुभव नाही, विचारावयास कोणी नाही, खोक्यावर माहिती नाही. मग निवड कशावरून होते? रंगावरून आणि किमतीवरून.

हे खूळ पाश्चात्त्यांकडून आले, असे म्हणणाऱ्यांनी वात्स्यायनाचे कामसूत्र उघडून पाहावे. त्याच्या सातव्या अधिकरणात अशा कृत्रिम साधनांना 'अपद्रव्य' असे नाव असून ती कोणत्या पदार्थांची करावीत ह्याची चर्चा आहे. सोने, रूपे, तांबे, लोखंड, हस्तिदंत आणि शिंग ही यादी तेथे बाभ्रव्याच्या अनुयायांच्या नावावर दिली आहे. कथील आणि शिसे ही मऊ व थंड म्हणून सांगितली आहेत. वात्स्यायन स्वतः लाकडाचीही भर घालतो आणि ज्याला जे मानवेल ते घ्यावे, असे मत देतो. शिसे हे विष आहे, हे आज शाळेतला मुलगाही जाणतो. तेव्हा ती यादी आज कोणी जशीच्या तशी स्वीकारणार नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, शरीराला लागणारी वस्तू कशाची बनवली आहे हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी उघडपणे, शास्त्राच्या भाषेत विचारला होता. आपण मात्र तो विचारण्याचे सोडून दिले.

मराठीपुरते बोलावयाचे तर र. धों. कर्वे ह्यांचे स्मरण येथे केलेच पाहिजे. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले. परंतु शरीराविषयी अज्ञान राखल्याने नीती वाढत नाही, फक्त रोग वाढतात, हा त्यांचा विचार काही हरला नाही. आज साधने बदलली, प्रश्न तोच आहे.

आता पदार्थांकडे वळू. शेतात पाण्यासाठी टाकतात तो करडा पाइप पी.व्ही.सी.चा असतो, तो किती कडक असतो हे सर्वांना ठाऊक आहे. ह्याच पी.व्ही.सी.चा रेनकोट मऊ कसा होतो? त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळतात म्हणून. ह्या द्रव्यांपैकी फार वापरला जाणारा एक वर्ग म्हणजे थॅलेट. ती प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती त्यात मुरलेली असतात. म्हणून ती हळूहळू बाहेर झिरपतात. नव्या रेनकोटचा तो उग्र वास आणि जुन्या मऊ प्लॅस्टिकवर हाताला लागणारा चिकटपणा पुष्कळदा अशाच द्रव्यांचा असतो. प्राण्यांवरील प्रयोगांत ह्यांतील काही द्रव्यांनी नरांच्या जननेंद्रियांच्या वाढीत बिघाड केल्याचे आढळले, आणि डी.ई.एच.पी. ह्या थॅलेटला युरोपात प्रजननास घातक अशा द्रव्यांच्या वर्गात घातले गेले.

स्वस्त, मऊ, जेलीसारखी दिसणारी साधने पुष्कळदा ह्याच पी.व्ही.सी.ची असतात. २००६ साली नेदरलँड्समधील ग्रीनपीस संस्थेने आठ साधने तपासून घेतली. त्यांतील सातांत थॅलेट सापडले आणि त्याचे प्रमाण २४ पासून ५१ टक्क्यांपर्यंत होते. म्हणजे काही वस्तूंच्या वजनाचा निम्मा भाग हे द्रव्यच होते! तुलनेसाठी सांगावयाचे तर, युरोपात २००७ पासून मुलांच्या खेळण्यांत ह्यांतील तीन प्रमुख थॅलेटांची मर्यादा ०.१ टक्का आहे. प्रौढांच्या वस्तूंना तो नियम लागू व्हावयास तेथेही २०२० साल उजाडावे लागले. विनाकारण घबराट पसरवणे हा ह्या लेखाचा हेतू नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २००६ सालीच ह्या विषयाची पाहणी केली होती. नेहमीच्या माफक वापरात मोठा धोका त्यांस दिसला नाही, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी मात्र जपावे, असा तिचा मथितार्थ होता. परंतु धोका थोडा की फार, हे ठरवावयास आधी वस्तूत काय आहे ते समजले पाहिजे. आपल्याकडच्या खोक्यावर ते लिहिलेलेच नसते.

दुसरा प्रश्न स्वच्छतेचा. पी.व्ही.सी.ची जेली आणि रबरासारखी ताणली जाणारी टी.पी.ई. नावाची प्लॅस्टिके सच्छिद्र असतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या ह्या छिद्रांत ओल आणि जंतू राहतात. वरून साबणाने कितीही धुतले तरी पूर्ण निर्जंतुक करता येत नाही, आणि उकळावे तर वस्तू वितळते. ह्याच्या उलट शुद्ध सिलिकोन, काच आणि पोलाद ह्यांना छिद्रे नसतात. मोटर नसलेले शुद्ध सिलिकोनचे साधन पाण्यात उकळता येते.

ह्या सिलिकोनची कथा ऐकण्यासारखी आहे. ग्रेनाडा बेटावर जन्मलेला गॉस्नेल डंकन हा कामगार १९६५ साली अमेरिकेत कामावर झालेल्या अपघातात कमरेखाली पंगू झाला. आपल्यासारख्या अपंगांनाही वैवाहिक सुख हवे असते, हे तो जाणत होता. आणि त्या वेळी मिळणारी रबरी साधने उष्णता सोसत नसत, धड स्वच्छही होत नसत. त्याने रसायनतज्ज्ञांशी पत्रव्यवहार केला, न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन भागातील आपल्या घराच्या तळघरात साचे केले आणि १९७० नंतरच्या दशकात सिलिकोनची साधने बनवली. डेल विल्यम्स ह्या बाईंनी १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांसाठी काढलेल्या दुकानात ती विकली गेली. चैनीची, चाळ्यांची म्हणून आपण ज्या वस्तूला हसतो, तिच्यातील सर्वांत मोठी सुधारणा एका अपंग माणसाच्या गरजेतून झाली, हे विसरता कामा नये.

तिसरा प्रश्न आकाराचा. गुदद्वार हा मार्ग असा आहे की, तेथे गेलेली वस्तू स्नायूंच्या ओढीने आत खेचली जाते. ज्या साधनाचा तळ रुंद नाही, ते आत अडकते आणि मग शस्त्रक्रियेची वेळ येते. वस्तू नसेल तर काकडी, मेणबत्ती, बाटली असे घरातले काहीही वापरणारे लोक असतात आणि लाजेने दोन-दोन दिवस डॉक्टरकडे जात नाहीत. असल्या रोग्यांवर उपचार करताना एका स्वीडिश शल्यविशारदाच्या मनात आले की, ह्या वस्तूंना प्रमाण का असू नये? त्या प्रयत्नातून २०२१ साली आय.एस.ओ. ३५३३ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध झाले. पदार्थ कोणता असावा, आकार कसा असावा, सोबतच्या कागदावर काय लिहावे, हे त्यात सांगितले आहे. ते पाळण्याची सक्ती मात्र नाही.

मग आपल्याकडे अडते कोठे? अडते ते कायद्याच्या संदिग्धतेत. अश्लील वस्तूंची विक्री हा पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ प्रमाणे गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ त्या जागी आले आहे. अश्लील कशाला म्हणावे, हे शेवटी न्यायालयाने ठरवावयाचे. आयात मालावर तर १९६४ च्या अधिसूचनेचा बडगा आहे. जकात अधिकाऱ्यांनी 'बॉडी मसाजर' अडवून ठेवल्याचे एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने माल सोडण्याचा निर्णय कायम ठेवला. ह्या वस्तू लैंगिक साधने म्हणून वापरता येतील ही अधिकाऱ्याची केवळ कल्पना आहे, असे मत दिले. व्यापाऱ्याची सुटका झाली हे ठीकच. परंतु ह्यातून व्यापारी काय शिकतो? वस्तू कशासाठी आहे ते लिहू नये, हेच! 'मसाजर' म्हणून विकलेल्या वस्तूवर ती शरीरात कोठे वापरावी, कोठे वापरू नये, कशी धुवावी, हे कसे लिहिणार? ज्या वस्तूचा खरा उपयोगच छापावयाचा नाही, तिच्या सुरक्षिततेची हमी तरी कोण देणार? आणि त्रास झाला तर गिऱ्हाईक दाद कोठे मागणार? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरले आहे हे खरे. पण जिल्हा आयोगापुढे उभे राहून आपले नाव व आपले दुखणे सांगण्याचे धैर्य किती जणांत असेल? म्हणजे लाज गिऱ्हाइकाच्या वाट्याला आणि नफा विक्रेत्याच्या, असा हा व्यवहार आहे.

असे होऊ नये म्हणून काय करता येते, ह्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. निरोध हा शब्द एके काळी कुजबुजत उच्चारला जाई. १९६८ साली सरकारने तो तीन नगांस पंधरा पैसे ह्या भावाने पानाच्या ठेल्यापासून किराणा दुकानापर्यंत विकावयास ठेवला आणि त्यासाठी सरकारी कारखानाही काढला. आज पाणी भरून, हवा भरून त्याची कसोटी घेतल्याशिवाय तो बाजारात येत नाही. त्यामुळे देशातील नीती बुडाल्याचे ऐकिवात नाही. सॅनिटरी नॅपकिनलाही आज भारतीय प्रमाण आहे आणि त्याची जाहिरात सहकुटुंब पाहिली जाते. वस्तूला प्रमाण देणे म्हणजे तिचा प्रचार करणे नव्हे, हे ह्या दोन उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे.

तेव्हा मागणी एवढीच आहे की, अश्लीलतेच्या कलमातून ही साधने स्पष्टपणे वगळावीत, आय.एस.ओ. ३५३३ च्या धर्तीवर भारतीय प्रमाण करावे आणि पदार्थाचे नाव खोक्यावर छापण्याची सक्ती करावी. सरकारला हे सुचेपर्यंत पहिल्यांदा खरेदी करणाऱ्याने निदान स्वतःची काळजी घ्यावी. पदार्थाचे नाव न सांगणाऱ्याकडून वस्तू घेऊ नये. उग्र वास, तेलकट स्पर्श असेल तर ती दूर ठेवावी. लहान, गुळगुळीत आणि शुद्ध सिलिकोनचे साधन बरे. गुदमार्गासाठी रुंद तळ नसलेले कोणतेही नको. सच्छिद्र वस्तूवर निरोध चढवावा, पण रबरी निरोधाबरोबर तेल किंवा व्हॅसलीन वापरू नये, कारण त्याने रबर फाटते. पाण्याचे ल्युब्रिकंट ह्या सर्व पदार्थांना चालते. एकाची वस्तू दुसऱ्याने वापरू नये. आग, पुरळ, रक्त असे काही झाल्यास डॉक्टरांना खरे कारण सांगावे; त्यांनी ह्याहून कितीतरी अधिक ऐकलेले असते.

बी.एस्सी.चे विद्यार्थी पी.व्ही.सी.चे रसायन शिकतात, विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी कलमे शिकतात. परंतु ह्या दोहोंची गाठ जेथे पडते त्या प्रश्नावर दोघेही गप्प बसतात. आपल्या महाविद्यालयातील आरोग्य व्याख्यानमालेत एक तास ह्या विषयाला मिळाला, आणि त्या तासाला मुले व मुली दोघांनाही बसू दिले, तरी पुष्कळ काम होईल. शरीर प्रत्येकाला एकच मिळते. त्याला काय लागते आहे हे विचारण्यात कसली आली लाज?