थोरल्याचीही चौकशी व्हावी

दीड महिन्याच्या बाळाला लस टोचून घेण्यासाठी जे कुटुंब दवाखान्यात येते, त्यात पुष्कळदा एक उपेक्षित सदस्य असतो. आईचा पदर धरून किंवा वडिलांच्या बोटाला लोंबकळत उभे असलेले दोन-अडीच वर्षांचे थोरले मूल. बाळाचे वजन होते, टाळू तपासली जाते, पुढील तारीख कार्डावर लिहिली जाते. निघता निघता आई दबक्या आवाजात सांगते, "डॉक्टर, हा बाळाला फार मारतो हो. परवा तर गालाला चावला." उत्तरादाखल तिला बहुधा एवढेच ऐकायला मिळते, "सगळीच मुलं करतात, मोठा झाला की समजेल."

हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते सर्वांना पुरेसे वाटते. माझ्या मते मात्र धाकट्याच्या लसीकरणाची भेट ही थोरल्याच्याही चौकशीची भेट मानली गेली पाहिजे. तसे का, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम अर्धे सत्य पाहू. माँट्रियल विद्यापीठातील संशोधक रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी मुलांच्या मोठमोठ्या गटांचा लहानपणापासून अनेक वर्षे मागोवा घेतला. मारणे, ढकलणे, चावणे हे प्रकार आयुष्यात सर्वाधिक प्रमाणात दिसतात ते साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात, असे त्यांना आढळले. या वयात इच्छा प्रबळ असते, भाषा तोकडी असते आणि स्वतःला आवरणारी मेंदूची यंत्रणा अद्याप कच्ची असते. अडीच वर्षांच्या मुलाला 'इजा' या शब्दाचा आपल्यासारखा अर्थबोध नसतो. त्याला दुष्ट, मत्सरी अशी विशेषणे लावणे अशास्त्रीय आहे. परंतु याच संशोधनाची दुसरी बाजू अशी, की पुढे हे वर्तन कमी होते ते मूल स्वतःला आवरायला शिकते म्हणून. शिकायचे तर कोणीतरी शिकवावे लागते. 'मोठा झाला की समजेल' या उत्तरात नेमका हा भाग गळून पडतो.

बाळ आल्यावर घरात काय बदलते?

केंब्रिज येथे ज्यूडी डन आणि कॅरोल केंड्रिक या दोघींनी चाळीस कुटुंबांचे, दुसऱ्या बाळाच्या जन्माआधी आणि नंतर, प्रत्यक्ष घरी जाऊन निरीक्षण केले. त्यावरील त्यांचे पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळ आल्यावर आईचे थोरल्याशी खेळणे-बोलणे घटते, मनाईचे शब्द वाढतात, आणि आई बाळाला घेऊन बसली की नेमक्या तेव्हाच थोरल्याच्या खोड्या वाढतात, असे त्यांनी नोंदविले. अधिक मोलाचे निरीक्षण पुढे आहे. ज्या माता पहिल्या काही आठवड्यांत थोरल्याशी बाळाविषयी, तेही एक माणूस आहे अशा भावनेने बोलत असत, म्हणजे बाळाला भूक लागली असेल का, ते का रडत असेल, त्यांच्या मुलांमध्ये पुढे वर्षभराने अधिक स्नेहाचे नाते दिसले. महागडे खेळणे नाही, औषध नाही, केवळ संभाषण.

आपल्याकडे या बदलाला आणखी काही पदर आहेत. बाळंतपणासाठी आई माहेरी जाते. थोरले मूल कधी तिच्याबरोबर जाते, कधी आजी किंवा वडिलांपाशी राहते. दोन महिन्यांनी आई परतते ती कुशीत दुसऱ्याला घेऊन. भेटायला येणारी मंडळी कौतुकाने म्हणतात, "आता तुझे लाड संपले बरं का!" किंवा "बाळाला आम्ही घेऊन जाऊ का?" मोठ्यांना हा विनोद वाटतो; मूल ते शब्दशः ऐकते. त्यावर कळस म्हणजे "तू आता दादा झालास" हे वाक्य. काल ज्याला भरवले जात होते, त्याने आज एकट्याने जेवावे, एकट्याने झोपावे आणि शहाण्यासारखे वागावे अशी अपेक्षा होते. पदवी मिळते, पण तिच्याबरोबर जे काढून घेतले जाते त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

सिल्वाशात ही अडचण अधिक तीव्र आहे. कारखान्यांच्या निमित्ताने येथे स्थिरावलेल्या कुटुंबांत आजी-आजोबा गावी आणि आपण येथे, अशी स्थिती सर्रास आढळते. आमली, मसाट, सामरवरणी परिसरातील एका खोलीच्या घरात वडील रात्रपाळी करून झोपलेले असतात, आई बाळाला पाजत असते आणि थोरल्याला दिवसभर एकच आज्ञा असते : आवाज करू नकोस. मग त्याच्या हाती मोबाईल दिला जातो. दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, असे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे म्हणणे आहे. घरातील परिस्थिती समजून न घेता हा नियम केवळ ऐकवला, तर त्या आईला तो टोमणाच वाटेल.

काय करावे?

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. लहान मूल आणि तान्हे बाळ यांना क्षणभरही एकत्र एकटे सोडू नये. स्वयंपाकघरात जाताना दोघांपैकी एकाला बरोबर न्यावे. मूल मारू लागल्यास त्याचा हात शांतपणे धरावा आणि थोडक्यात सांगावे, "मारायचं नाही. बाळाला दुखतं." लांबलचक उपदेश या वयात पोहोचत नाही. लगेच हळुवार स्पर्श कसा करायचा ते त्याचाच हात धरून दाखवावे. चावल्याने कातडी फाटली असेल तर जखम साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

दुसरी गोष्ट वेळेची. दिवसातून दहा-पंधरा मिनिटे का होईना, आईने बाळ दुसऱ्याकडे देऊन केवळ थोरल्यासाठी बसावे. पाजताना त्याला जवळ घेऊन गोष्ट सांगावी. रात्रपाळीचे वडील उठल्यावर त्याला बाहेर फिरवून आणू शकतात. हे बायकांचे काम नव्हे, अशी समजूत आता तरी सुटावी.

तिसरी गोष्ट माराची. 'मारू नकोस' असे सांगत जो हात उगारला जातो, तो नेमके उलटे शिकवतो. स्वीडनने १९७९ मध्येच पालकांनी मुलांना मारण्यास कायद्याने बंदी केली. आपल्याकडे शाळेतील शारीरिक शिक्षेला शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये मनाई केली; घराच्या उंबरठ्याआत मात्र अजून आपल्या विवेकाचेच राज्य आहे.

काही मुलांच्या बाबतीत याहून अधिक लक्ष द्यावे लागते. बोलणे वयाच्या मानाने मागे असणे, ऐकू कमी येणे, नजरेला नजर न देणे, रक्तक्षयामुळे आलेली चिडचिड, अपुरी झोप, घरात चालणारी मारहाण, यांपैकी काहीही या 'खोडकरपणा'मागे दडलेले असू शकते. हे ओळखण्याची संधी त्या पाच मिनिटांच्या भेटीतच असते.

येथून फार दूर नसलेल्या डहाणू तालुक्यात, प्रथम बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आदिवासी मुलांसाठी काम केले. थोरली मुले धाकट्यांना सांभाळण्यात अडकल्याने शाळेत येत नाहीत, हे ताराबाईंनी पाहिले, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी 'विकासवाडी' उभी केली. धाकट्याची सोय लावल्याखेरीज थोरल्याचे बालपण मोकळे होत नाही, हे त्यांनी जाणले होते. आपल्या दवाखान्यात तोच विचार उलट्या दिशेने लागू पडतो : थोरल्याकडे पाहिल्याखेरीज धाकटे सुरक्षित राहत नाही.

म्हणून माझी सहव्यवसायी मित्रांना विनंती आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशींच्या वेळी आईला तीन प्रश्न विचारावेत : थोरला झोपतो-जेवतो कसा? बोलतो किती? बाळाशी वागतो कसा? आणि आईशी बोलण्याआधी एकदा खाली वाकून त्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारावी. 'दादा' किंवा 'ताई' म्हणून नव्हे.