पक्क्या दातांची कच्ची माहिती

तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर हल्ली मोबाइलच्या दुकानांच्या बरोबरीने दातांच्या दवाखान्यांचे फलक दिसतात. ‘३ दिवसांत पक्के दात’, खाली दर, बाजूला बत्तीशी दाखवून हसणारे आजी-आजोबा. दंतवैद्यांच्या २०१४च्या आचारसंहितेत असली जाहिरातबाजी बसत नाही, पण फलक काही उतरत नाहीत. त्यांच्यावर दोन आकडे ठळक असतात, किती रुपये आणि किती दिवस. खुर्चीत बसलेला माणूसही डॉक्टरांना हेच दोन प्रश्न विचारतो. माझ्या मते इम्प्लांटच्या बाबतीत सगळ्यांत कमी कामाचे आकडे हेच. विचारायला हवं ते दहाव्या वर्षाबद्दल.

त्याच्याही आधी हे विचारा, की आहे तो दात काढायलाच हवा का? रूट कॅनल करून कॅप बसवलेला दात नीट सांभाळला तर इम्प्लांटच्या तोडीस तोड टिकतो, असं अनेक अभ्यासांत दिसून आलं आहे. दात काढून इम्प्लांट बसवण्यात दवाखान्याची मिळकत जास्त, हे तर उघड गुपित आहे. ‘काढूनच टाकू’ असं कोणी म्हटलं, की रूट कॅनलमध्ये एमडीएस केलेल्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून यावं. त्यासाठी पाच-सातशे रुपये आणि एक दुपार गेली तर बिघडत नाही. अगदी शेवटची दाढ गेली असेल आणि बाकीचे दात जागेवर असतील, तर काहीही न करणं हासुद्धा मार्ग असतो. पुढचे दात आणि उपदाढा शाबूत असल्या की पुष्कळांचं चावणं भागतं, हे नेदरलँड्समधल्या दंतवैद्यांनी १९८०च्या दशकातच दाखवून दिलं. ब्रिजलाही सरसकट नाकं मुरडू नयेत. शेजारच्या दोन दातांना आधीच कॅप असेल तर ब्रिज शहाणपणाचा. शेजारचे दात धडधाकट असताना ते घासून बारीक करायचे असतील, तर मात्र इम्प्लांटचं पारडं जड होतं.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. तो जबड्याच्या हाडात बसतो, त्यावर जोडतुकडा आणि त्यावर कॅप. हाड या धातूला आपलंसं करतं, हे पेर-इंगवार ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाला १९५०च्या दशकात सशांवर प्रयोग करताना कळलं. रक्तपुरवठा पाहण्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी त्याला परत काढता येईना. १९६५ साली त्याने योस्ता लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ साली वारला तेव्हाही ते काम देत होते. चाळीस वर्षं! इम्प्लांट विकणारे ही गोष्ट आवडीने सांगतात. ब्रोनेमार्क हिरडी शिवून महिनोन्‌महिने थांबत असे, खाली तीन महिने आणि वर सहा, हा भाग मात्र सांगायचा राहून जातो.

आता तंत्र सुधारलं आहे. हाड भरभक्कम असेल आणि स्क्रू बसवतानाच घट्ट धरला असेल, तर त्याच दिवशी तात्पुरते दात देता येतात आणि ते काम चांगलंही होतं. पण ते कोणाला जमेल, हे सीबीसीटी स्कॅन पाहून ठरतं, फलक पाहून नव्हे. हा त्रिमितीय स्कॅन न काढता खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवायला कोणी निघालं, तर नम्रपणे उठावं. तिथून ओठाला जाणारी नस जाते. ती दुखावली तर ओठ आणि हनुवटी बधिर होते, कधी कायमची. वरच्या दाढांपाशी सायनसची पोकळी असते. दात काढून बरीच वर्षं झाली असतील तर हाड झिजलेलं असतं (पहिल्या वर्षातच त्याची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते), मग हाडाची भर घालावी लागते आणि खर्च नि महिने दोन्ही वाढतात.

डिसेंबरात तीन आठवड्यांच्या रजेवर दुबईहून किंवा न्यू जर्सीहून येणारी आपली मंडळी लग्नं, हुरडा पार्टी आणि इम्प्लांट असं सगळं एकाच फेरीत उरकू पाहतात. स्क्रू या फेरीत आणि कॅप पुढच्या फेरीत, असं ठरवलं तर ते छान जमतं. पण त्यांच्या विमानाचं तिकीट पाहून हाड घाई करत नाही.

आता दहावं वर्ष. दहा वर्षांनी शंभरातले पंचाण्णवच्या आसपास इम्प्लांट टिकून असतात, असं अभ्यास सांगतात. आकडा खरा आहे, आणि चांगलाही. फक्त इथे ‘टिकून’ म्हणजे हाडात शाबूत, एवढंच. भोवतालची हिरडी सुजलेली आहे का, हाड उतरलंय का, कॅप किती वेळा ढिली झाली, हे त्यात येत नाही. इम्प्लांटभोवती जंतुसंसर्ग होऊन हाड झिजतं, त्याला पेरि-इम्प्लांटायटिस म्हणतात. वेगवेगळे अभ्यास एकत्र पाहिले तर साधारण पाचांतल्या एका रुग्णात तो आढळतो. खऱ्या दाताभोवती असतो तसा तंतूंचा पट्टा इम्प्लांटभोवती नसतो, त्यामुळे संसर्गाला आत उतरायला फारशी आडकाठी नसते. त्यातून तो बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस जात नाही, आणि जातो तेव्हा स्क्रू हलत असतो. म्हणून दर सहा-बारा महिन्यांनी तपासणी आणि सफाई हवीच, आणि ती खर्चाच्या हिशेबात पहिल्याच दिवशी धरावी. कॅप सिमेंटने चिकटवणार की स्क्रूने बसवणार, हेही विचारा. हिरडीखाली राहून गेलेलं सिमेंट हे या संसर्गाचं एक नेहमीचं कारण आहे, आणि स्क्रूची कॅप दुरुस्तीसाठी काढताही येते.

ज्यांचे दात पायोरियाने, म्हणजे हिरड्यांच्या आजाराने, हलून पडले, त्यांना हा धोका जास्त. तो आजार आधी आटोक्यात आणल्याशिवाय त्याच तोंडात नवा स्क्रू घालण्यात अर्थ नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट असतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण गालात कडकपणा येऊन तोंड दोन बोटंही न उघडणारे तरुण दवाखान्यांत येतच असतात. तिथे इम्प्लांटचं हत्यार आत जाईना अशी गत असते. मिश्री लावणाऱ्या बायका तर ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. डॉक्टरांनी मिश्रीचं नाव घेऊनच विचारायला हवं. मधुमेह असेल तर गेल्या तीन महिन्यांची साखर दाखवणारा एचबीएवनसी रिपोर्ट सोबत न्यावा.

एक औषध हमखास सांगायचं राहतं. हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा सलाइनमधून दिलं जाणारं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, किंवा सहा महिन्यांनी टोचायचं डेनोसुमॅब. रोजची गोळी नसल्यामुळे आजींच्या औषधांच्या डब्यात ते दिसतच नाही. या औषधांवर असताना जबड्यावर शस्त्रक्रिया झाली, तर क्वचित का होईना, हाडाचा तुकडा मृत होऊ शकतो. कॅन्सरसाठी मोठ्या मात्रेत ती घेतलेली असतील तर धोका बराच वाढतो. जबड्याला रेडिएशन दिलेलं असेल तर तेही आधी सांगा. आणि कोणतंही औषध, रक्त पातळ करण्याचं तर मुळीच नाही, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

या सगळ्यात ज्या गोष्टीची जाहिरात सगळ्यांत कमी होते, ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. सगळे दात गेलेल्या माणसाला खालची कवळी छळते. वरची टाळूला धरून राहते, खालची जिभेबरोबर नाचते. मग ती फक्त लग्नकार्याला फोटोपुरती घालायची आणि एरवी भाकरी दुधात कुस्करून खायची. अशा जबड्यात पुढच्या बाजूला फक्त दोन इम्प्लांट बसवून कवळी त्यांवर बटणासारखी टच्च बसवता येते. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं, की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी उपचारांची सुरुवात इथूनच व्हायला हवी. तरीही आपल्याकडे आजोबांपुढे दोनच पर्याय ठेवले जातात, साधी कवळी किंवा लाखांच्या घरातले ‘फिक्स’ दात. मधला पर्याय निघतच नाही, कारण त्यात दवाखान्याला चार किंवा सहाऐवजी दोनच स्क्रूंचे पैसे मिळतात. माझं म्हणणं कडवट वाटेल, पण दुसरं पटण्याजोगं कारण मला दिसत नाही. या कवळीचा आणखी एक फायदा पुढे कळतो. हात थरथरू लागले, विसरायला होऊ लागलं, की तोंडातले फिक्स दात घासून द्यायचे कसे, हा प्रश्न सुनेपुढे किंवा मदतनीस बाईपुढे येतो. बटणाची कवळी काढून नळाखाली धुता येते.

पैशांचं थोडक्यात. मोठ्या शहरांत एका दाताला कॅपसकट साधारण २५ ते ६० हजार रुपये पडतात. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये, अपघात वगळता, हे सहसा बसत नाही. मुंबई-नागपूरसारख्या ठिकाणच्या शासकीय दंत महाविद्यालयांत खर्च कमी असतो, फेऱ्या जास्त. बिलात स्क्रू, जोडतुकडा, कॅप आणि हाडाची भर वेगवेगळी लिहून मागा. फलकावरचा दर बहुधा नुसत्या स्क्रूचा असतो.

आणि कंपनीचं नाव. स्विस, कोरियन, इस्रायली, भारतीय अशी बरीच इम्प्लांट इथे बसवली जातात आणि त्यांतली कित्येक चांगली आहेत. महाग तेच उत्तम असं मी म्हणणार नाही. पण एका कंपनीचा जोडतुकडा दुसरीच्या स्क्रूवर बसेलच असं नाही, पेचकससुद्धा वेगळा लागतो. उत्पादन बंद झालेल्या स्कूटरचे सुटे भाग शोधत हिंडावं, तशी पाळी दहा वर्षांनी कॅप ढिली झाल्यावर येते. तोवर डॉक्टर गाव सोडून गेलेले असतात, किंवा तुम्ही मुलाकडे पुण्याला राहायला आलेले असता. नव्या डॉक्टरांना एक्स-रेमध्ये नुसता स्क्रू दिसतो, त्याचं कुळ-गोत्र कळत नाही.

नामांकित इम्प्लांटच्या वेष्टनावर कंपनी, मॉडेल, माप आणि लॉट नंबर छापलेला स्टिकर असतो. तो तुमच्या फाइलवर लावून घ्या आणि त्याचा फोटो मुलांच्या मोबाइलमध्ये ठेवा. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. द्यायला कोणी का-कू करू लागलं, तर स्क्रू बसण्याआधीच दुसरा दवाखाना बघा.