गोचीड एकाच्या गोठ्याची नसते



कपाशीवर बोंडअळी दिसली की गावभर बोभाटा होतो. पारावर, टपरीवर, कृषी केंद्रावर दुसरा विषय नसतो. गोचिडीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. जनावर म्हटले की गोचीड असायचीच, अशी आपण मनाची समजूत घालून ठेवली आहे. सांजेला घरची बाई दूध काढायला बसते, कासेजवळच्या चार-दोन उपटून फेकते, आणि झाले गोचिडीचे निर्मूलन! माझे म्हणणे असे की हा बाईच्या बोटांनी सुटणारा प्रश्न नाही. तो गावाने बैठकीत घ्यायचा प्रश्न आहे.

आधी हिशेब मांडू. पोट भरलेली एक मादी जनावराचे अर्धा मिलीलिटर तरी रक्त ओढते. अंगावर अशा शंभर असल्या तर पन्नास मिलीलिटर रक्त गेले. सरकी-ढेप विकत आणून आपण घालायची आणि खायची गोचिडीने! पण खरा तोटा रक्ताचा नाही, तापाचा आहे. गोचिडीमुळे थायलेरिओसिस होतो. जनावर तापाने फणफणते, खांद्यापुढची गाठ सुजते, धाप लागते, रक्त कमी होऊन डोळ्यांच्या पापण्या पांढऱ्या पडतात. बबेसिओसिसमध्ये लघवी कॉफीसारखी लाल-काळी होते. कोरडवाहू माणसाचा बैल ऐन डवरणीत असा बसला तर त्याचा सारा हंगामच बसतो. भाड्याच्या ट्रॅक्टरचा आणि गेलेल्या दुधाचा खर्च कोणत्या भावात धरला जातो? कोणत्याच नाही.

देवणी, लाल कंधारी, गवळाऊ ही आपली जनावरे गोचिडीला आणि तिच्या तापाला बरीच दाद देत नाहीत. संकरित गाय मात्र लवकर आडवी होते. २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज पश्चिम विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत आले, तेव्हा त्यात अनुदानावर दुधाळ जनावरे देण्याची तरतूद होती. गाय देणे सोपे आहे. ती ज्या गोठ्यात बांधायची त्याच्या भिंतीच्या भेगांकडे कोणी पाहिले?

कारण खरी मेख भेगांतच आहे. आपल्याकडे जनावरांवर मुख्यतः दोन जातींच्या गोचिडी असतात. एक जात जनावराच्या अंगावरच तीन आठवडे काढते आणि मग अंडी घालायला खाली पडते. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्ले गवताच्या पात्यावर उपाशीपोटी महिनोन् महिने वाट पाहत बसतात. दुसरी जात थायलेरिओसिस पसरवणारी. तिची पिल्ले एका जनावराचे रक्त पिऊन भिंतीच्या फटीत शिरतात, तिथे कात टाकतात आणि पुढच्या अवस्थेत दुसऱ्याच जनावरावर चढतात. आजारी जनावराचा रोग निरोग्याकडे जातो तो असा. कुत्र्याची गोचीडही अशीच ओसरीच्या आणि चौकटीच्या फटीत राहते. म्हणजे जनावराच्या अंगावर दिसते ती थोडी फौज. मोठी फौज भिंतीत, उकिरड्याजवळ आणि गायरानात असते. आपण औषध मारतो ते फक्त अंगावर. पंधरा दिवसांनी गोचिडी पुन्हा दिसल्या की म्हणतो, औषधात भेसळ आहे!

काही ठिकाणी औषधाची मात्रा लागू पडत नाही, हेही खरे. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन या औषधांना न जुमानणाऱ्या गोचिडी देशाच्या अनेक भागांत आढळल्या आहेत. कमी प्रमाणात आणि तेच ते औषध वर्षानुवर्षे मारल्याने असे होते. बोंडअळीने हा धडा आपल्याला एकदा दिलेला आहे.

यापेक्षा घातक एक रीत आहे, तिच्याविरुद्ध मला स्पष्ट बोलायचे आहे. कपाशीवर मारून उरलेले औषध काही जण जनावराच्या अंगावर चोळतात. पैसे वाचतात असे वाटते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. धडधाकट माणसाला मारणारे ते विष जनावर जिभेने चाटते, वासरू त्याच कासेला लुचते, आणि तेच दूध आपल्या पोरांच्या पोटात जाते. शेतातल्या औषधाला गोठ्यात पाय ठेवू देऊ नका. जनावरांचे औषध वेगळे असते. ते डॉक्टरला विचारून, बाटलीवरच्या प्रमाणातच वापरावे. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दिले तर दुधाचे काय करायचे, तेही विचारून घ्यावे.

बोटांनी गोचीड चिरडण्याची सवयही मोडली पाहिजे. २०११ साली गुजरातेत माणसांना क्रायमियन-काँगो ताप झाला, माणसे गेली. हा रोग गोचिडीच्या चाव्याने, ती हाताने चिरडल्याने आणि बाधित जनावराच्या रक्ताने लागू शकतो. घाबरायचे कारण नाही. चिमट्याने धरावी, सरळ ओढून रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकावी, मग हात धुवावे. एवढे पुरे.

मग करायचे काय? गावाने एक दिवस ठरवावा. त्या दिवशी सगळ्यांच्या सगळ्या जनावरांना, शेळ्या-कुत्र्यांसकट, ज्याचे त्याचे औषध. कान, शेपटीखालची जागा आणि कास सोडू नये. त्याच दिवशी गोठ्याची भिंत, गव्हाण आणि दावणीची जागा फवारावी. गव्हाणीतला चारा आधी काढावा आणि गव्हाण धुतल्याशिवाय नवा टाकू नये. तीन आठवड्यांच्या आत दुसरी फेरी झालीच पाहिजे, नाहीतर पहिलीचे पैसे मातीत गेले. भेगा मातीने किंवा सिमेंटने बुजवून चुना मारावा. कडब्याची गंजी आणि पऱ्हाटीचे ढीग गोठ्याला खेटून रचू नयेत. भिंत आगीने शेकण्याचा सल्ला काही जण देतात. विटेच्या मोकळ्या भिंतीला तो ठीक, कुडाच्या आणि पाचटाच्या गोठ्यात नको.

एकट्याने केले तर शेजारच्या गोठ्यातून गोचीड परत येते. म्हणून ज्याच्याकडे एकच शेळी आहे, त्याच्या औषधाचे पैसे वर्गणीतून भरले तरी तो आपल्याच फायद्याचा सौदा आहे.

आणि सरकारी दवाखान्याला एक प्रश्न विचारायचा आहे. थायलेरिओसिसवर लस आहे, पण ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, म्हणून अडचण सांगितली जाते. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्याच नायट्रोजनमध्ये दवाखान्यात येतात ना? संकरित गाय जन्माला घालायला नायट्रोजन मिळतो, तर तिला जगवायला का मिळू नये? ताप चढताच ब्युपार्व्हाक्वोनचे इंजेक्शन दिले तर जनावर वाचू शकते. ते इंजेक्शन दवाखान्यात शिल्लक आहे की बाहेरून आणायला चिठ्ठी मिळते, हे प्रत्येक गावाने पावसाळ्याआधी जाऊन पाहावे. १९६२ या क्रमांकावर फोन केल्यावर गाडी किती वेळात येते, याचीही नोंद ठेवावी.

जिल्हा बैठकीला येताना या दोन्ही नोंदी आणाव्यात. तोंडी तक्रारीला साहेब मान हलवतो. गाव, तारीख आणि जनावर लिहिलेल्या कागदाला त्याला उत्तर द्यावे लागते.