मनगटं मोडणारी फॅशन

बारामती–इंदापूर रस्त्यावर रोज मोटारसायकल चालवणाऱ्या माणसाची मनगटं कोणी मोडली असं मला विचारलंत, तर खड्ड्यांच्या आधी मी हँडल विकणाऱ्या दुकानांचं नाव घेईन. गिऱ्हाईक येतं, भिंतीवर टांगलेल्यांपैकी चकचकीत दिसेल त्याकडे बोट करतं, दुकानदार ते काढून देतो आणि दारातला पोरगा अर्ध्या तासात आवळून टाकतो. माणूस किती उंच, हात किती लांब, पाठ दुखते की मान, गाडीवर रोज काय लादतो, एक प्रश्न विचारत नाहीत. चपलेच्या दुकानातसुद्धा पायाचं माप बघतात.

यातला सगळ्यात घातक माल म्हणजे साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना बसवलेली क्लिप-ऑन आणि सपाट शॉर्ट हँडलं. क्लिप-ऑन, म्हणजे फोर्कच्या दोन नळ्यांना वेगवेगळे आवळलेले दोन तुकडे, ही शर्यतीच्या मैदानावरची वस्तू आहे. तिथल्या वेगाला वारा छातीला मागे रेटतो, धडाचा बराच भार तोच पेलतो, म्हणून पुढे वाकणं परवडतं. आपण कोणत्या वेगाने जातो? गाळप हंगामात भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे ऊस घेऊन निघालेल्या, दोन-दोन ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे ताशी पंचवीस-तीसने. तिथे वाऱ्याचा टेकू नाही. सगळा भार तळहातांवर. करंगळीच्या बाजूने जाणारी नस दबते, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, आणि क्लच-ब्रेक मात्र त्याच हातांनी दाबायचे असतात. पुढच्या ट्रेलरला मागे दिवा नाही, रात्रीची वेळ आहे, तो अचानक थांबला. बधिर बोटांनी ब्रेक दाबायला जो क्षणभर उशीर होतो, त्याची भरपाई कोणता दुकानदार करणार? हँडलचा विषय निघाला की लोक आरामाबद्दल बोलतात. मला तो जिवाचा वाटतो.

उंच हँडल म्हणजे म्हाताऱ्याची गाडी, असं म्हणणाऱ्या पोरांनी आपल्याच एमआयडीसीकडे बघावं. बारामतीच्या पियाजिओ कारखान्यात एप्रिलियाच्या या दोन मोटारसायकली बनतात. आरएस 457 ला क्लिप-ऑन, आणि 2025 साली आलेल्या टुओनो 457 ला इंजिन तेच पण हँडल एकसंध, रुंद आणि उंच. आरएसची क्लिप-ऑनसुद्धा टीच्या, म्हणजे फोर्कच्या नळ्या वर जोडणाऱ्या पट्टीच्या, वर बसवलेली आहेत, खाली नाहीत. शर्यतींत मुरलेली कंपनी रस्त्यावरच्या माणसाचा एवढा विचार करते, आणि इथे शंभर सीसीच्या गाडीचं चांगलं हँडल काढून टीच्या खाली क्लिप-ऑन ठोकतात! ही अक्कल नव्हे, शुद्ध नक्कल आहे.

दोन्ही बाजूंना कॅन लटकवून दूध घालणारा माणूस असलं हँडल कधीच लावणार नाही. मागे वजन पडलं की पुढचं चाक हलकं होतं. रुंद हँडलने ते कमी ताकदीत सावरतं, अरुंद हँडलने झटापट करावी लागते. त्याला हे कळतं, कारण दूध सांडलं तर पैसे त्याचे जातात. उलट टोकाची, खांद्याच्या वर मुठी नेणारी हँडलंही तितकीच वाईट. त्यांनी खांदे भरून येतात आणि गाडीवरचा ताबा सुटतो.

माप घेणं अवघड नाही. कोणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा, सीटवर नेहमीसारखे बसा, डोळे मिटून हात सैल पुढे आणा. कोपर किंचित वाकलेलं असताना हात जिथे थांबतील, तिथे मूठ हवी. मग गुडघ्यांनी टाकी आवळून हात उचला. अंग पुढे कोसळत असेल तर हँडल लांब पडतंय. नवं घेण्याआधी आहे तेच हँडल क्लॅम्पमध्ये थोडं फिरवून बघा, लिव्हरही त्याप्रमाणे जुळवा. पुष्कळांचं दुखणं एवढ्यानेच कमी होतं, आणि नेमकं हेच दुकानात कोणी सांगत नाही, कारण त्यात विक्री नाही. नाहीच भागलं तर हँडल उचलणारा रायझर, आणि मगच नवं हँडल. घेताना रुंदी, उंची आणि मुठी मागे किती येतात ते तिन्ही बघा. क्लॅम्पपाशी 22 मिलिमीटरचं आणि 28.6 मिलिमीटरचं हँडल एकाच क्लॅम्पमध्ये बसत नाही. पत्र्याची पट्टी घालून बसवणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका.

बसवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. इंजिनाचा आवाज चढला तर एक्सलेटर वायर ताणली जातेय. मूठ टाकीला घासता कामा नये. टोकाची वजनं परत लावून घ्या. ती काढली की इंजिनाची थरथर थेट हातात येते. उंच हँडलला वायर आणि ब्रेक पाइप लांब लागले तर ते नवेच घ्यायचे, आणि पाइप बदलल्यावर ब्रेकमधली हवा काढायची. जुनाच पाइप ताणून बसवून ‘चालतंय की’ म्हणणाऱ्या मेकॅनिकच्या हातून गाडी तिथल्या तिथे काढून घ्या.